तारणाऱ्या होडीचे आपण काय करावे?



मालवणच्या उत्तरेस समुद्रकाठी तोंडवली नावाचे गाव आहे. त्याच्या एका अंगास अरबी समुद्र व दुसऱ्या अंगास कालावलची खाडी असून, तळाशीलच्या टोकाकडे जावे तसतशी मधली वाळूची पट्टी अरुंद होत जाते. येथील लोक पिढ्यान् पिढ्या रापणीवर जगत आले. रापणीच्या लांबलचक जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी ते जाळे समुद्रातून वळसा घालून आणते, मग दोन्ही टोकांस माणसे लागतात आणि आलेल्या मासळीचे वाटे होतात. एकट्यादुकट्याचे हे काम नव्हे. ज्यांना मंडळी म्हणजे काय हे पुस्तकावरून कळत नसेल, त्यांनी एकदा रापण ओढताना पाहावी.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी एका कामानिमित्त माझे तिकडे जाणे झाले. माडांच्या सावलीत, झापांच्या एका मोडक्या खोपीखाली, मला एक जुनी लाकडी होडी दिसली. तिच्याजवळ एक वृद्ध तांडेल बसले होते. त्यांच्या मुलांची फायबरची नवी होडी यंत्रासह वाळूवर ओढून ठेवलेली होती. ही जुनी मात्र कित्येक वर्षांत पाण्यास लागली नव्हती. मी विचारले, तेव्हा तांडेलांनी सांगितले की, ते लहान असताना एका वादळात त्यांच्या वडिलांनी हीच होडी लाटांत घातली व उलटलेल्या मचव्यावरची पाच माणसे जिवंत काठावर आणली. त्यांपैकी एकाची नातवंडे अजून दरसाल नारळी पौर्णिमेस येऊन हिच्यासमोर नारळ ठेवून जातात. आता एक हॉटेलवाला हिला मागत होता. दर्शनी बागेत ठेवून तीत फुलझाडे लावावी, असा त्याचा विचार होता. मुले म्हणत होती, विकून टाका. सून म्हणत होती, पावसाळ्याचे जळण होईल. तांडेल मला म्हणाले, "पाद्रीबाबानू, तुमी शिकलेले. माका सांगा, ही होडी इकू, जाळू, की अशीच ठेवू? माका कायच समजना नाय."

मला उत्तर देता आले नाही. मी म्हणालो, "तांडेलकाका, मी विचार करून पुन्हा येईन." तो विचार मी आज आपल्यापुढे मांडीत आहे; कारण हा प्रश्न एका होडीचा नाही. ज्या वस्तूच्या द्वारे कोणे एके काळी आपले तारण झाले, त्या वस्तूचे पुढे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक जुन्या मंडळीपुढे आज ना उद्या येतोच.

प्रथम एक शंका घेऊ. तांडेलांचा मुलगा मला म्हणाला की, आजोबांची होडी आता उरलीच कोठे? नाळेकडच्या फळ्या एकदा बदलल्या, तळाच्या दोनदा बदलल्या, वांकही नवे घातले. जिने माणसे वाचविली ते लाकूड केव्हाच चुलीत गेले. ही शंका फार जुनी आहे. ग्रीक ग्रंथकार प्लुटार्क याने लिहिले आहे की, अथेन्सचे लोक थिसिअस नावाच्या वीराचे तारू जपून ठेवीत. फळी कुजली की ती काढून नवी घालीत. आणि मग तेथील तत्त्वज्ञ वाद घालीत की, हे तेच तारू की दुसरे?

या वादाचे उत्तर आपल्याच प्रांतात बांधलेल्या एका जहाजापासून घेता येते. सन १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया या पारशी कारागिराने इंग्रजांच्या आरमारासाठी 'त्रिंकोमाली' नावाचे जहाज बांधून पाण्यात सोडले. नेपोलियनशी झालेल्या युद्धांत विलायतेस ओकचे लाकूड दुर्मिळ झाले होते, म्हणून ते मलबारच्या सागवानाचे केले. पुढे ते जीर्ण झाले, त्याचे नाव बदलले, मुलांच्या शिक्षणासाठी ते पुष्कळ वर्षे वापरले गेले. अखेरीस इंग्लंडातील हार्टलपूल येथे १९९० ते २००१ पर्यंत खपून कारागिरांनी ते पूर्ववत केले. त्यातील निम्म्याहून अधिक लाकूड अद्याप मुंबईत घातलेलेच आहे. बाकीचे नवे आहे. तरी ते दुसरे जहाज झाले असे कोणी म्हणत नाही, कारण काळजी घेणाऱ्यांची साखळी कोठे तुटली नाही. एक फळी काढताना शेजारची फळी जागेवर होती व नवी फळी तिला जोडून बसविली.

बंधुजनहो, आपल्या मंडळीचेही असेच नव्हे काय? ज्यांचा प्रथम बाप्तिस्मा झाला ते सर्व प्रभूमध्ये निजले. त्यांच्या जागी मुले आली, नातवंडे आली. एकही मूळ फळी उरली नाही, तरी मंडळी तीच आहे, कारण प्रत्येक नवा विश्वासी कोणा जुन्या विश्वासणाऱ्यास लागून बसविला गेला. यावरून हेही कळते की, काहीच न बदलणे म्हणजे जतन नव्हे. कोकणातल्या कोणत्याही खलाशास ठाऊक आहे की, लाकडी होडी नुसती ठेवून दिली तर ती चालत्या होडीपेक्षा लवकर मरते. उन्हाने फळ्या आकसतात, सांधे उघडतात आणि त्यांत पावसाचे गोडे पाणी शिरते. खारे पाणी लाकडास कुजू देत नाही तितके गोडे पाणी कुजविते. समुद्रात असताना लाकूड पोखरणाऱ्या किड्याचे भय असते खरे, परंतु वर्षातून दोनदा ओढून, घासून, तेल देऊन त्याचा बंदोबस्त करता येतो. वाळूवर विसरलेल्या होडीचा बंदोबस्त कोणी करीत नाही. ज्या घरात पवित्र शास्त्र कापडात बांधून फळीवर ठेवले जाते व उघडले जात नाही, त्या घराविषयी मी अधिक लिहीत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. जुनी तारक वस्तू राखावी की टाकावी? शास्त्रात या प्रश्नास एकच उत्तर नाही. निरनिराळ्या प्रसंगी निरनिराळी उत्तरे आहेत, आणि ती एकमेकांशेजारी ठेवली म्हणजेच त्यांचा अर्थ लागतो.

यहोशवाच्या चौथ्या अध्यायात लोक यार्देन उतरून आल्यावर देवाने नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणावयास सांगितले. पुढे मुलांनी या धोंड्यांविषयी विचारावे व वडिलांनी त्यांना उतरून येण्याची गोष्ट सांगावी, हा त्यातील हेतू. म्हणजे स्मारक ठेवणे हे देवाच्याच आज्ञेने झाले आहे. जे म्हणतात की, जुन्या वस्तू राखणे हा देहस्वभाव आहे, त्यांनी हा अध्याय वाचावा.

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. अरण्यात मोशेने पितळेचा साप केला व त्याकडे पाहून दंश झालेले लोक जगले. ते खरोखर देवाने दिलेले तारणाचे साधन होते. परंतु काही शतकांनी लोक त्या सापापुढे धूप जाळू लागले, आणि राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात आपण वाचतो की, हिज्कीया राजाने तो फोडून टाकिला. त्याने जुनी वस्तू म्हणून ती फोडली नाही. ती देवाची जागा घेऊ लागली म्हणून फोडली.

तिसरे उदाहरण तारवाचेच आहे. नोहाचे तारू आतून व बाहेरून डांबर लावून किती काळजीने सिद्ध झाले! पण जलप्रलय ओसरल्यावर त्या तारवाचे नोहाने काय केले, याविषयी शास्त्र एक शब्दही सांगत नाही. बाहेर आल्यावर त्याने प्रथम जे बांधिले, ती देवासाठी वेदी होती. तारवाहून तारणारा थोर, हे त्याने न बोलता दाखविले. आपल्या भाषेत तारू, तारण व तारणारा हे तीन शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत, पण त्यांचा क्रम चुकला तर धर्म चुकतो.

चौथे उदाहरण प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे. वादळात खलाशी लहान होडी पाण्यात सोडून स्वतःपुरते निसटू पाहत होते. पौलाने शताधिपतीस बजाविले की, हे तारवात राहिले नाहीत तर कोणाचाच बचाव नाही. तेव्हा शिपायांनी दोर कापून ती होडी जाऊ दिली. पुढे मोठे तारूही फुटले आणि दोनशे शहात्तर माणसे, कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, सगळी काठास लागली. जी होडी थोड्यांना वाचवून बहुतांना बुडवील, ती कितीही चांगली असली तरी तिचा दोर कापावा लागतो.

तेव्हा नियम असा निघतो: जी वस्तू मुलांना प्रश्न विचारावयास लावते व देवाच्या कृपेची गोष्ट सांगते, ती राखावी, जी वस्तू देवाची जागा घेते, ती मोडावी, आणि जी वस्तू राखण्याच्या पायी जिवंत माणसे सोडली जातात, ती जाऊ द्यावी.

हा नियम मी फार उशिरा शिकलो, हे मला कबूल केले पाहिजे. नवा पाळक असताना मी एका खेड्यातील मंडळीत होतो. तेथे सागवानी लाकडाचे एक जुने उपदेशपीठ होते. त्याचा एक पाय किडला होता. उपकारस्तुतीच्या सणास जळण कमी पडले, तेव्हा मी ते फोडावयास सांगितले. सेमिनरीतून शिकून आलेला मी. हिज्कीयाचे उदाहरण देऊन मी बंधूंचे समाधानही केले. जेवणे झाल्यावर त्या मंडळीचे वृद्ध उपदेशक चुलीपाशी बसून राखेत काही शोधीत होते. त्यांना एक खिळा सापडला, तो त्यांनी पुसून खिशात घातला. ते मला एवढेच म्हणाले, "पाळकसाहेब, माझ्या बापाने पहिल्यांदा साक्ष दिली ती याला धरून." त्या उपदेशपीठापुढे कोणी धूप जाळला नव्हता. मी मूर्ती मोडली नव्हती. एका मुलाने विचारावयाचा प्रश्न मी जाळून टाकिला होता. किडलेला पाय बदलावयास एका सुताराचे अर्ध्या दिवसाचे काम पुरे झाले असते.

आता दुसऱ्या बाजूचा आक्षेप ऐकू. कोणी म्हणेल, गरिबांच्या पोटास नाही आणि तुम्ही लाकडास तेल लावता! हा आक्षेप हलका नाही. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' नावाची आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसास जाताना वादळात कलंडली व सुमारे सहाशे माणसे बुडाली. काठ फार दूर नव्हता. त्या दिवशी कित्येकांना मासेमारीच्या होड्यांनी पाण्यातून उचलले. त्या होड्या जीव वाचविण्यासाठी बांधलेल्या नव्हत्या. त्या मासळीसाठी बांधल्या होत्या. पण त्या पाण्यात होत्या. संग्रहालयातील शंभर सुंदर होड्यांहून त्या दिवशी पाण्यातली एक गळकी होडी अधिक मोलाची होती. म्हणून मी म्हणतो, जिवंतांचा हक्क पहिला. ज्या घरातला मुलगा अंगात जीवरक्षक जाकीट न घालता समुद्रावर जातो, त्या घराने आधी जाकीट घ्यावे, मग जुन्या होडीचे तेल.

परंतु राखणे व वाचविणे यांत नेहमीच वैर असते असे नाही. इंग्लंडातील रेडकार गावी 'झेटलंड' नावाची जीवरक्षक होडी आहे. हेन्री ग्रेटहेड नावाच्या कारागिराने ती १८०२ साली बांधली. आज उरलेल्या जीवरक्षक होड्यांत ती जगात सर्वांत जुनी मानली जाते व पाचशेहून अधिक जीव तिने वाचविले. १८६४ साली तिच्या जागी नवी होडी आली आणि जुनी मोडून टाकावी असे ठरले. सुतार मोडावयास लागला तेव्हा गावचे लोक खवळून उठले व त्यांनी ती मोडू दिली नाही. शहाणे लोक त्यास वेडेपणा म्हणाले असतील. परंतु सोळा वर्षांनी, १८८० च्या वादळात, दुसऱ्या होड्यांस इजा झाली असता त्या म्हातारीलाच पुन्हा पाण्यात घातले, आणि 'लुना' नावाच्या गलबतावरची माणसे तिने काठास आणिली. ती वाचली कारण गावाने तिला नुसते आठवणीत ठेविले नव्हते. तिला वल्हविता येईल अशा स्थितीत ठेविले होते. आज ती त्याच गावी संग्रहालयात आहे.

आणखी एक होडी आठवते. दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या शॅकल्टनचे जहाज बर्फात चिरडले, तेव्हा १९१६ साली त्याने 'जेम्स केर्ड' नावाच्या सुमारे साडेबावीस फूट लांबीच्या होडीतून पाच सोबत्यांसह आठशे सागरी मैलांचा भयंकर समुद्र ओलांडला. मागे एलिफंट बेटावर बावीस माणसे वाट पाहत राहिली. ती होडी आता लंडनमधील डलिच येथील शाळेत आहे, आणि ती पाहून मुले थक्क होतात. परंतु त्या बावीस माणसांना वाचविले ते होडीने नव्हे. त्यांचा नायक तीनदा परत जाण्यास निघाला व तीनदा बर्फाने मागे फिरला; चौथ्या खेपेस, ३० ऑगस्टला, तो पोहोचला. होडीची गोष्ट सांगताना परत येणाऱ्याची गोष्ट सांगितली नाही, तर ते लाकूड मुके राहील.

राखण्याची एक तिसरी रीतही आहे, आणि आमच्या उपदेशकबंधूंनी तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. गोव्यात दिवाड बेटावर केरळच्या कारागिरांनी, खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून, अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या तारवाच्या आधारे एक तारू बांधिले. २०२५ साली कारवार येथे 'कौंडिण्य' या नावाने ते नौदलात घेतले गेले. त्या काळचे एकही लाकूड त्यांच्यापाशी नव्हते. शिवणारा हात मात्र होता, कारण कोणा बापाने मुलास, गुरूने शिष्यास तो दिला होता. लाकूड राहून हात गेला तर होडी गेलीच. हात राहिला तर लाकूड गेले तरी होडी पुन्हा होते. आपल्या कित्येक खेड्यांत प्रार्थनामंदिराची भिंत दरवर्षी रंगविली जाते, आणि घरची उपासना चालविणारा तरुण मात्र कोणी तयार करीत नाही. हे उलटे जतन होय.

एवढा विचार करून नारळी पौर्णिमेनंतर मी तोंडवलीस परत गेलो. मी तांडेलांस म्हणालो, "काका, मुलांच्या होडीत जाकिटे आहेत काय?" ते म्हणाले, आहेत. मी म्हणालो, "मग हिला जाळू नका. हॉटेलवाल्यास देणे न देणे ही तुमची मर्जी. पण तेथे हिच्यात फुले दिसतील, तुमच्या बापाने वाचविलेली पाच माणसे दिसणार नाहीत. येथे खोप शाकारा, सांधे भरा, आणि शाळेची मुले येतील तेव्हा हकीकत सांगा. हिला नमस्कार करू नका. ज्याने त्या रात्री तुमच्या बापास धीर दिला व वादळातून परत आणिले, त्याचे आभार माना." त्यांनी बराच वेळ काही म्हटले नाही. नंतर म्हणाले, "सांगूक सोपा असता, बाबानू. मगे वर्साक एकदा तेल लावूक तुमी येवा."

त्यांचे म्हणणे न्यायाचे होते. जो दुसऱ्यास राखावयास सांगतो, त्याने आपला हात तेलात बुडविला पाहिजे. मी येतो म्हणून कबूल केले आहे, आणि येथे छापून ठेवितो, म्हणजे मला विसरता येणार नाही.

बंधुभगिनींनो, आपापल्या मंडळीत जाऊन पाहा. एखादी घंटा, एखादी मोडकी बाकडी, पहिल्या उपदेशकाच्या हातची एखादी वही कोठे तरी पडली असेल. तिच्याविषयी तुमच्या मुलांना काय ठाऊक आहे, हे आधी विचारा. काहीच ठाऊक नसेल तर रंगाचा डबा आणण्यापूर्वी आज रात्री दिवा लावून ती गोष्ट सांगा. आणि ती सांगून झाल्यावर दाराबाहेर पाहा. कारण आपल्या गावच्या किनाऱ्याजवळ आजही कोणीतरी बुडत असेल, आणि त्याला आपल्या आठवणींची नव्हे, आपल्या होडीची गरज असेल. प्रभू आपणां सर्वांस दोन्ही कामांसाठी हात व धीर देवो.

आपला प्रभूमध्ये बंधू,
एक पाळक